वजन बरोबर, भराव रेतीचा

थंडी सुरू झाली की नागपुरात रिंग रोडच्या आजूबाजूच्या लॉनवर सेल लागतात. लग्नाच्या तारखा नसल्या की लॉन रिकामं, मग भदोहीचे गालिचे, सहारनपूरचं लाकडी फर्निचर, खादीचे कुर्ते आणि गुडघेदुखीचं तेल एकाच मांडवाखाली येतं. अशाच एका सेलमध्ये आम्ही साडेपाच हजार मोजून सात किलोंचं वेटेड ब्लँकेट घेतलं. आत काचेचे मणी आहेत असं सांगितलं होतं, निघाली रेती. पैसे परत मिळालेले नाहीत, मिळतील असं दिसतही नाही. पण तो स्टॉल अजून फिरतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

वेटेड ब्लँकेट म्हणजे वजनदार पांघरूण. दोन कापडांमध्ये छोटे चौकोनी कप्पे शिवतात आणि कप्प्याकप्प्यात काचेचे बारीक मणी किंवा प्लास्टिकचे दाणे भरतात. अंगावर सगळीकडे सारखा दाब पडला की जीव शांत होतो आणि झोप लागते, असा त्यामागचा विचार. आमच्या कॉलनीतल्या एका मुलाला ऑक्युपेशनल थेरपीत मांडीवर ठेवायला वजनाची उशी देतात, ती मी पाहिलेली होती. त्यामुळे हे काही जादूटोण्याचं खूळ नाही, एवढं माहीत होतं. आमच्याकडे गरज ह्यांची. शिफ्ट ड्युटी, रात्रपाळीचा आठवडा संपला तरी पहाटेपर्यंत छताकडे बघत पडून राहायचे.

स्टॉलवर एक गुळगुळीत बोलणारा माणूस आणि पांढरा कोट घातलेली एक मुलगी. ती डॉक्टर आहे असं कोणी म्हटलं नाही, आणि नाही असंही कोणी म्हटलं नाही. तिने ह्यांना वजनकाट्यावर उभं केलं, ‘स्लीप कार्ड’ नावाच्या गुलाबी कार्डावर ७२ किलो लिहिलं, त्याचे दहा टक्के काढले आणि आलेला आकडा सात किलोंवर गोल केला. मग आरामखुर्चीत बसवून अंगावर ब्लँकेट टाकलं. मांडवात कोपऱ्यात गाणी वाजत होती, समोर चाटच्या गाडीवर गर्दी होती, तरी ह्यांचे डोळे मिटायला लागले. तो माणूस वाकून हळूच म्हणाला, “झोप येऊन राहिली ना, सर?”

त्याचं बरंचसं बोलणं खरंच होतं. शरीराच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के वजनाचं पांघरूण घ्यावं, असं जगभर सगळेच विक्रेते सांगतात. “स्वीडनमध्ये रिसर्च झाला आहे,” तो म्हणाला. झाला आहे. मी नंतर शोधून वाचला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १२० जण होते. निम्म्यांना जड पांघरूण दिलं आणि निम्म्यांना दीड किलोंचं हलकं. चार आठवड्यांनी जड पांघरूणवाल्यांची निद्रानाशाची तक्रार बरीच कमी झालेली होती. पण त्या पांघरुणांत धातूच्या साखळ्या होत्या, आणि ते १२० जण नैराश्य, चिंता, बायपोलर, एडीएचडी अशा मानसोपचारातल्या निदानाचे रुग्ण होते. रात्रपाळीने घड्याळ उलटं झालेल्या माणसाबद्दल त्यात काही नाही. २०१४ चा, ऑटिझम असलेल्या मुलांवरचा ब्रिटनमधला अभ्यास सांगतो की मोजून पाहिलं तर मुलांची झोप वाढली नाही, पण मुलांना आणि आईबापांना ते पांघरूण आवडलं. हा दुसरा अभ्यास स्टॉलवर कोणी काढला नाही. साहजिकच आहे म्हणा.

खऱ्याच्या पोटात खोटंही सरकवत होता. घोरणं थांबतं म्हणाला. ते साफ खोटं. घोरताना श्वास अडकत असेल तर तो स्लीप ॲप्नियाचा प्रकार असू शकतो, तिथे डॉक्टरांना न विचारता छातीवर वजन घ्यायचंच नसतं. शेजारच्या बाईंना तो तान्ह्या नातवासाठी दोन किलोंचं ‘बेबी मॉडेल’ दाखवत होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सूचनांमध्ये तान्ह्या बाळांवर वजनदार पांघरूण घालू नका असं स्वच्छ लिहिलंय. ज्याला ते स्वतः अंगावरून ढकलता येत नाही, मग ते बाळ असो की अशक्त म्हातारं माणूस, त्याच्यासाठी ही वस्तूच नाही.

आता मुख्य चलाखी. अंगावर टाकलेल्या नमुन्याच्या एका कोपऱ्याला जाळीची पारदर्शक खिडकी शिवलेली होती. तिच्यातून आतले मणी दिसायचे, रव्याच्या दाण्याएवढे, चकाकणारे. तो बोटाने दाबून दाखवायचा. कप्पे चार बोटं रुंदीचे, शिवण बारीक, कापड सुती. नमुना अस्सलच असणार. आम्हाला मिळालं ते मात्र मागच्या गठ्ठ्यातलं, चेनच्या प्लास्टिक पिशवीत, वर लाल पट्टी: ‘हायजीन सील, उघडल्यास परत घेतले जाणार नाही’. उघडून बघू म्हटलं तर म्हणाला, “मॅडम, अंगावर घ्यायची वस्तू आहे, सील तोडलं तर पुढचं गिऱ्हाईक घेईल का?” ऐकायला अगदी रास्त. पिशवीसकट काट्यावर ठेवून दाखवलं. सात किलो आणि वर थोडं. मापात पाप नव्हतं. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर स्टॉलच्या नावाऐवजी एका माणसाचं नाव आलं, “सेठजींचं खातं आहे” म्हणाला. बिल म्हणून तेच गुलाबी कार्ड, त्यावर ‘पेड’चा शिक्का.

घरी सील काढलं तेव्हा कापड नमुन्यासारखं सुती नव्हतं, गुळगुळीत पॉलिस्टर होतं, आणि कप्पे वीतभर रुंद. फोन केला तर “नवीन बॅच आहे, अपग्रेडेड”. ह्यांना दोनतीन रात्री बरी झोपही लागली, त्यामुळे विषय मागे पडला. मग चादरीवर कचकच सुरू झाली. घरात पहिला संशय पायांवर. सासूबाई रोज ओरडायच्या, पाय धुतल्याशिवाय गादीवर चढत नका जाऊ. पाय धुऊनही कचकच तशीच. गादीशेजारच्या काळ्या कडप्प्याच्या कट्ट्यावर रोज सकाळी पिठासारखी धूळ बसलेली असायची. ह्यांना कोरडा खोकला लागला. आणि ब्लँकेट हळूहळू पायाकडे जड होत गेलं, खांद्याशी नुसतं रिकामं कापड.

सासूबाईंनी हयातभर गोधड्या शिवल्या आहेत. त्यांनी एक दिवस ते खाटेवर पसरलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “अवं, हे टाके तर पोत्याचे आहेत.” कप्प्याच्या आडव्या शिवणी जागोजाग उसवल्या होत्या. त्यांनी ब्लेडने एक कोपरा उकलला आणि खाली परात धरली. सळसळत जे पडलं ते काळपट, बारीक, मधूनमधून शिंपल्याचा पांढरा तुकडा. मणी एकही नाही. चमचाभर काचेच्या पेल्यात पाण्यात टाकलं, तर पाणी गढूळ. माझा भाऊ बांधकामाची ठेकेदारी करतो. त्याने चिमूटभर तळहातावर चोळलं आणि हसायलाच लागला. “ताई, हे त प्लास्टरची चाळलेली रेती हाय. साडेपाच हजारात मी तुले अशी पोत्यानं आणून टाकली असती.”

काचेचा मणी घट्ट, गोल आणि गुळगुळीत असतो, त्याची धूळ होत नाही, पाणी शोषत नाही, म्हणून जपून का होईना धुता येतो. रेतीचे दाणे धारदार असतात, कापडाला आतून घासत राहतात, आणि नीट धुतलेली नसेल तर माती धुळीच्या रूपाने बाहेर येते. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर लागला की खोलीत जी ओल येते, तिच्यात असलं पांघरूण कुबट झाल्याशिवाय राहणार नाही. धुवायला टाकलं तर चिखल. डॉक्टरांनी ह्यांना तपासून काळजीचं काही नाही सांगितलं, पण ते अंगावर घेणं ताबडतोब बंद करायला लावलं. खोकला मग आपोआप गेला.

फोन केला तेव्हा त्या माणसाचा आवाज तितकाच मऊ. आधी म्हणाला, आमच्याकडे नॅचरल क्वार्ट्झचं फिलिंग असतं. क्वार्ट्झ म्हणजे रेतीतलंच खनिज. मी म्हटलं, कार्डावर ग्लास बीड्स लिहिलंय. तर म्हणतो, “मॅडम, काच शेवटी वाळूचीच बनते ना?” या वाक्याला मी खरंच दाद दिली असती, पैसे माझे नसते तर. त्यानंतर नंबर ब्लॉक. लॉनच्या मॅनेजरने आयोजकाचा नंबर दिला. आयोजक म्हणाला, आम्ही फक्त जागा भाड्याने देतो, स्टॉलवाल्यांचं आम्हाला माहीत नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. तिथे बोलणारी मुलगी नीट ऐकून घेत होती, पण तिचा पहिलाच प्रश्न होता की विक्रेत्याचं नाव, पत्ता काय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. हे सगळं ग्राहकाच्या बाजूचं आहे. फक्त नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि आमच्याकडे होतं गुलाबी कार्ड. बँकेने सांगितलं की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय, तो उलटवता येत नाही. पोलीस ठाण्यात यूपीआयवरच्या नावासकट अर्ज दिलाय, पोच घेतली आहे.

म्हणून, कोणी अशी वस्तू घेणार असेल तर संशोधनावर वाद घालत बसू नका, त्यात तो माणूस तुम्हाला हरवेल. माल बघा. जो नग घरी न्यायचा तोच उघडून अंगावर घ्या, नमुना नाही. काळी ओढणी किंवा रुमाल खाली अंथरून त्यावर ब्लँकेट जोरात आपटा, रेती असेल तर रुमाल लगेच बोलतो. कप्पे वीतभर असतील तर भराव सरकणारच. धुण्याच्या सूचनांचं लेबल कापडातच शिवलेलं पाहिजे. बंद पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा भरणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या पिशवीवर ब्रँडच्या नावाखाली फक्त ‘मेड विथ लव्ह’ होतं. आणि जीएसटी बिल मागा. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या वेबसाइटवर तो टाकला की व्यापाऱ्याचं नोंदलेलं नाव आणि पत्ता समोर येतो. क्यूआरवर दुसऱ्याच कोणाचं नाव आलं तर पिन टाकायच्या आधी थांबा. जीएसटी नंबर मागितल्यावर तो माणूस कसा बोलायला लागतो, तेही ऐकण्यासारखं असतं.

गेल्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीने अमरावतीहून फोटो पाठवला. तिथल्या सेलमध्ये स्टॉलचं नाव वेगळं, बॅनर हिरवा झालाय आणि माणूसही दुसरा वाटतो. पण पांढरा कोट आहे, गुलाबी ‘स्लीप कार्ड’ आहे, कोपऱ्याला जाळीची खिडकी असलेला नमुना आहे, आणि मागे लाल पट्टीच्या पिशव्यांचा गठ्ठा. अमरावतीनंतर यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, कुठेही दिसेल. दिसला तर बॅनरचा, क्यूआरवर येणाऱ्या नावाचा आणि त्यांच्या गाडीच्या नंबराचा फोटो काढून ठेवा, आणि तिथल्या तिथे १९१५ ला फोन लावा. आमच्या अर्जाला जोडायला गाडीचा नंबर नव्हता.