उबुंटूवर सॉफ्टवेअर कोठून घ्यावे: ॲप्ट, स्नॅप, फ्लॅटपॅक की ॲपइमेज?

विंडोज १०ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर जुन्या पण धडधाकट लॅपटॉपवर उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली टाकून पाहणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात एक कोडे पडते, ते म्हणजे एकच सॉफ्टवेअर तीन-चार ठिकाणी मिळते आणि प्रत्येक ठिकाणची आवृत्ती वेगळी असते. उदाहरणार्थ, उबुंटू २४.०४वर ॲप्टमधून, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून, जिंप हा चित्र-संपादनाचा प्रोग्रॅम घेतल्यास २.१० ही आवृत्ती मिळते. मार्च २०२५मध्ये आलेली ३.० हवी असेल, तर स्नॅप, फ्लॅटपॅक किंवा ॲपइमेज यांच्याकडे वळावे लागते. पैसे कोठेच पडत नसल्यामुळे किंमत पाहून निवड करता येत नाही. माझ्या मते ती एका प्रश्नावर करावी: आज बसवलेले सॉफ्टवेअर दोन वर्षांनंतर अद्ययावत ठेवण्याचे काम कोण करणार आहे?

या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर ॲप्टकडे आहे. डेबियन या उबुंटूच्या मूळ लिनक्स प्रणालीतून आलेल्या या पद्धतीत अनेक प्रोग्रॅम एकाच लायब्ररीवर (सामायिक कोडच्या संचावर) चालतात, त्यामुळे ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली, की एका पॅकेजच्या दुरुस्तीने ते वापरणारे सर्व प्रोग्रॅम एकदम सुरक्षित होतात. याची किंमत म्हणजे आवृत्ती गोठलेली राहते. हे जुनेपण अनेकांना खटकते, परंतु मार्च २०२४मध्ये एक्सझेड या लायब्ररीत कोणीतरी चोरवाट घुसवल्याचे उघड झाले, तेव्हा ती डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंतच पोहोचली होती आणि स्थिर शाखा त्यातून वाचली, हेही विसरू नये. एक बारकावा मात्र नवख्यांना कोणी सांगत नाही. उबुंटूच्या दीर्घकालीन (एलटीएस) आवृत्त्यांत ‘मेन’ विभागातील पॅकेजना पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. ‘युनिव्हर्स’ या कितीतरी मोठ्या विभागासाठी तशी हमी उबुंटू प्रो ही कॅनॉनिकल कंपनीची सेवा घेतल्यावरच मिळते, आणि ते वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत मोफत आहे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी ॲप्टचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. छापील पानाच्या स्कॅनमधून मजकूर काढायचा असल्यास ते काम करणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रॅमचा मराठी भाग ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ या नावाने एका आज्ञेत बसतो. लिबरऑफिसचे मराठी मेनू, लोहित देवनागरी फाँट आणि आयबस या टंकलेखन-यंत्रणेची मराठी कळफलक-मांडणी या गोष्टीही तेथेच मिळतात. अशी पूरक पॅकेजे अन्य मार्गांनी शोधत बसण्यात अर्थ नाही.

स्नॅप ही प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकत्र बांधून देणारी, उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीने २०१६मध्ये पुढे आणलेली पद्धत असून ती उबुंटूवर आधीपासूनच बसवलेली असते. उबुंटू २२.०४पासून तर ॲप्टला फायरफॉक्स मागितले, तरी हाती स्नॅपच येते, आणि मागितले एक व दिले दुसरे ही तक्रार मला रास्त वाटते. (मोझिलाने जानेवारी २०२४पासून फायरफॉक्ससाठी स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी (पॅकेजांचे भांडार) उपलब्ध करून दिली आहे, हा त्यावरचा सरळ उपाय.) स्नॅप स्टोअर एकच आहे आणि त्याच्या सर्व्हरचा सोर्स कोड खुला नाही, उबुंटूवर आधारलेल्या लिनक्स मिंटने २०२० साली स्नॅपला आपल्या दारातच अडवले, त्यामागे हेही एक कारण होते. अपडेट दिवसातून चार वेळा आपोआप तपासले जातात. ते हल्ली लांबणीवर टाकता येतात, पण त्यासाठी मुद्दाम आज्ञा द्यावी लागते.

फ्लॅटपॅक ही स्नॅपसारखीच पद्धत, पण ते उबुंटूवर आधी स्वतः बसवावे लागते आणि नंतर त्याला फ्लॅटहब हे भांडार जोडावे लागते. पहिल्या प्रोग्रॅमबरोबर सामायिक रनटाइमही (अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या लायब्ररींचा संच) उतरत असल्यामुळे छोट्याशा प्रोग्रॅमसाठी शेकडो एमबी खर्च होतात. पुढचे प्रोग्रॅम तेच रनटाइम वापरू शकतात, म्हणून मोबाईलच्या डेटावर काम भागवणाऱ्याने ही पहिली खेप वायफायवर उरकावी. कोणत्या प्रोग्रॅमला कोणते फोल्डर दिसावे, हे फ्लॅटसील या परवानग्यांच्या प्रोग्रॅममध्ये बटणे चालू-बंद करून ठरवता येते. मात्र अनेक प्रोग्रॅमना सुरुवातीलाच भरपूर परवानग्या दिलेल्या असतात, शिवाय सर्वच पॅकेजे मूळ निर्मात्यांनी तयार केलेली नसतात. म्हणून नावाजवळील पडताळणीची खूण पाहूनच पुढे जावे. डेस्कटॉपवरील प्रोग्रॅमची नवी आवृत्ती हवी असेल, तर स्नॅपपेक्षा माझा कौल फ्लॅटपॅकला आहे.

ॲपइमेज म्हणजे एकच फाईल: उतरवायची, ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन चालवण्याची परवानगी द्यायची आणि डबल-क्लिक करायचे. उबुंटू २२.०४पासून बहुतेक जुन्या ॲपइमेज फायली डबल-क्लिक करूनही गप्प बसतात, कारण त्यांना लागणारी ‘लिबफ्यूज२’ ही लायब्ररी आता आधीपासून नसते. ती बसवताना नुसते ‘फ्यूज’ नावाचे पॅकेज बसवू नये. त्यामुळे डेस्कटॉपचे आवश्यक भाग काढले जाण्याचा धोका आहे. चित्रांवर मथळे लिहिण्याचा एक प्रोग्रॅम मी या पद्धतीने घेतला, तेव्हा त्यात इंग्रजी नीट उमटत होते, पण कळफलक मराठीवर नेऊनही अक्षर मात्र रोमनच पडत होते, कारण फाईल बांधणाऱ्याने आयबसशी जोडणारा भाग तिच्यात घातलाच नव्हता. शिवाय सुरुवातीच्या प्रश्नाचे ॲपइमेजकडे उत्तर बहुधा ‘तुम्हीच’ असे असते. एखादी गोष्ट चार दिवस वापरून टाकून द्यायची असेल, तरच हा मार्ग बरा.

स्वतःच्या संगणकावर मी जवळपास सर्व काही ॲप्टमधून घेतो आणि जिंपसारखे दोन-तीन प्रोग्रॅम तेवढे फ्लॅटपॅकमधून. आई-वडिलांच्या संगणकावर मात्र मी फायरफॉक्सचे स्नॅप हलवलेले नाही. मला माझ्या टेबलावर खुपणारे ते आपोआप होणारे अपडेट तेथे हवेच आहेत, कारण पुढचे सहा महिने त्या संगणकाकडे माझ्यासकट कोणीही पाहणार नाही, हे मला ठाऊक आहे.