वाट अरुण, बँकॉक: पहाटेचं मंदिर संध्याकाळी बघू नका

थाई भाषेत 'वाट' म्हणजे विहार किंवा मंदिर, आणि अरुण म्हणजे आपलाच अरुण, सूर्याचा सारथी. तरीही बहुतेक टूरवाले पर्यटकांना इथे दुपारनंतर आणून सोडतात. चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावरच्या या मंदिराचं तोंड पूर्वेला, नदीकडे आहे. त्यामुळे सकाळी ऊन थेट शिखरावर पडतं आणि चिनी मातीचा एकेक तुकडा चमकतो. दुपारी तीननंतर सूर्य मंदिरामागे जातो. मग पलीकडच्या काठावरून नुसती काळी आकृती दिसते. फोटोला ती बरी, पण नक्षी बघायची तर सकाळी आठला, दार उघडताना हजर राहा. मंदिर संध्याकाळी सहाला बंद होतं, म्हणजे आत उभं राहून सूर्यास्त बघायचा बेतही फारसा जमत नाही. दिव्यांच्या उजेडातलं शिखर बघायचं असेल तर पलीकडच्या था तियन काठावर बसा, त्याला तिकीट लागत नाही.

पोचायला सोपा रस्ता म्हणजे मेट्रोची निळी लाइन. सनाम चाय स्टेशनला उतरून दहा-बारा मिनिटं चाललं की था तियन धक्का येतो आणि तिथून ५ बाथमध्ये होडी पलीकडे सोडते. सुटी नाणी जवळ ठेवा. नदी ओलांडायची नसेल तर त्याच लाइनवरचं इत्सराफाप स्टेशन मंदिराच्याच बाजूला आहे, तिथून साधारण किलोमीटरभर चालावं लागतं. साथोन धक्क्यावरून यायचं असेल तर नारंगी झेंड्याची बोट पकडा, तिकीट १६ बाथ. तिथे दिवसभराचा पर्यटक पास गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. एक-दोन ठिकाणीच जायचं असेल तर तो पास महागात पडतो.

वाटेत कुणी गोड बोलून 'आज मंदिर बंद आहे, पूजा चालू आहे, मी टुकटुकने दुसरीकडे नेतो' म्हणालं तर मान हलवा आणि पुढे चालायला लागा. ती सफर शेवटी हमखास कपड्यांच्या नाहीतर रत्नांच्या दुकानात संपते. मंदिर उघडं आहे की बंद, हे फक्त तिकीट खिडकीवरच्या माणसाकडून ऐकायचं.

परदेशी पर्यटकांना तिकीट २०० बाथ, त्यात पाण्याची छोटी बाटली मिळते. काही वर्षांपूर्वी हेच तिकीट ५० बाथ होतं, त्यामुळे जुन्या ब्लॉगवर विसंबून बजेट काढू नका. पैसे वसूल होतात का? जवळ जाऊन बघितलंत तर होतात. लांबून शिखर राखाडी-पांढरं दिसतं. हातभर अंतरावर गेलं की कळतं, हा तर फुटक्या कपबशांचा संसार आहे! चिनी जहाजांत तोल सांभाळायला भरून आणलेली भांडी इथे कामी आली, असं सांगतात. फुलाच्या पाकळ्या म्हणजे वाडग्यांचे वाकडे तुकडे, मधला गाभा म्हणजे अख्खी बशी, तीही पालथी नाही, उताणी बसवलेली. मधूनमधून शिंपलेही आहेत. २०१३ ते २०१७ च्या डागडुजीनंतर शिखर फार पांढरं केलं म्हणून बँकॉकमध्ये ओरड झाली होती, आणि नव्या चुन्याच्या जागी ती पटतेही.

सुमारे ८० मीटर उंचीचं हे शिखर, म्हणजे 'प्रांग', ख्मेर, म्हणजे जुन्या कंबोडियाच्या धाटणीचं आहे. थायलंडचा राजा दुसरा राम (Rama II) याने उभारायला घेतलं, तिसऱ्या रामाच्या काळात पुरं झालं. ही जागा मात्र त्याहून जुनी, अयुथ्या ही राजधानी होती त्या काळातली. १७६७ मध्ये अयुथ्या पडल्यावर ताक्सिन राजाने थोनबुरीला, म्हणजे नदीच्या याच काठावर, राजधानी केली. सध्या पलीकडच्या राजवाड्यात असलेला पाचूचा बुद्ध तेव्हा काही वर्षं इथेच होता.

मराठी माणसाला इथे गाइडची गरज कमी. कमानीत ऐरावतावर बसलेला इंद्र दिसेल, हत्ती तीन तोंडांचा. कोपऱ्यांतल्या चार लहान प्रांगांत घोड्यावरचा वायुदेव आहे. शिखराचे थर यक्ष आणि वानर खांद्यावर तोलून धरतात. मधल्या मंडपांत बुद्धाचा जन्म, बोधी, पहिलं प्रवचन आणि परिनिर्वाण आहे. दीक्षागृहाच्या (भिक्खूंना दीक्षा देतात त्या सभागृहाच्या) दारातला हिरवा राक्षस 'थोत्सकान' म्हणजे आपला दशकंठ, रावण. शेजारचा पांढरा म्हणजे थाई रामायणातला राक्षस सहस्रतेज. आत बुद्धमूर्तीच्या पायाशी दुसऱ्या रामाच्या अस्थी आहेत. बरेच लोक हे दीक्षागृह न बघताच परततात, कारण सगळे प्रांगापाशी फोटोच्या रांगेत अडकलेले असतात. इथे बूट बाहेर काढायचे, पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही.

जिने उभे आहेत. चढताना काही वाटत नाही, त्रास उतरताना होतो: पायरी अरुंद आणि उंच, टाच मावत नाही. कठडा धरून तिरकं उतरा. सर्वात वरचा जिना पर्यटकांना बंद असतो, पण गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या ओट्यावरूनच प्रदक्षिणा घातली तरी नव्वद टक्के नक्षी दिसते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी चालते, पण निऱ्या या पायऱ्यांवर गोत्यात आणतात, सलवार-कुर्ता बरा.

तक्रार एकच. थाई पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्यांनी दहानंतर जिने आणि कमानी अडलेल्या असतात, आणि प्रत्येक पोझला पाच मिनिटं. यासाठी एक तारा कापला, बाकी चार दिले. राजवाडाही त्याच दिवशी करायचा असेल तर आधी इथे या, साडेनऊपर्यंत आटपा आणि होडीने पलीकडे जा; राजवाड्याची तिकीट खिडकी दुपारी साडेतीनला बंद होते.

परतीच्या होडीसाठी १० बाथचं नाणं काढाल तेव्हा उलटून बघा. २०१८ च्या आधीचं असेल तर त्यावर हेच शिखर आहे.