पिनहोल कॅमेरा किट: खोका झकास, भोक मात्र स्वतः पाडा

सहावीच्या विज्ञानात सूचिछिद्र प्रतिमाग्राहक (म्हणजेच पिनहोल कॅमेरा, बारीक भोकातून येणाऱ्या उजेडाने पडद्यावर उलटं चित्र पाडणारा खोका) आहे म्हणून वर्गासाठी ऑनलाइन मिळणारं पुठ्ठ्याचं पिनहोल कॅमेरा किट मागवलं, त्याचा हा रिव्ह्यू. पुठ्ठा जाड आहे, घड्यांच्या खुणा नीट आहेत, फेविकॉल सुकायचा वेळ सोडला तर मुलं एका तासिकेत स्वतःच जोडतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे आतला खोका बाहेरच्या खोक्यात सरकतो, त्यामुळे बटर पेपरचा पडदा मागे ओढला की चित्र मोठं होतं पण अंधूकही होतं, हे फळ्यावर समजवत बसावं लागत नाही.

पण भोक! पंचने पाडल्यासारखं, चांगलं ३ मिमीचं. खिडकीबाहेरचं नारळाचं झाड म्हणजे नुसता हिरवट डाग. कारण साधं आहे, झाडाच्या प्रत्येक बिंदूचा पडद्यावर साधारण भोकाएवढा ठिपका पडतो, भोक मोठं असलं की ठिपके एकमेकांवर चढतात आणि सगळं धूसर. मग कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापला (कडा फार धारदार असतात, हे काम मोठ्यांनीच करा), खाली जुनी वही ठेवून सुईने १ मिमीचं भोक पाडलं, मागे उचललेली कड पॉलिश पेपरने घासली आणि तो तुकडा किटच्या भोकावर काळ्या टेपने चिकटवला. झावळ्या एकेक वेगळ्या दिसायला लागल्या! उजेड मात्र ९ पट कमी होतो, त्यामुळे डोक्यावरून काळं कापड घेऊन बघायचं आणि समोर कडक ऊन हवंच.

रिक्षा उजवीकडे चाललीये आणि पडद्यावर डावीकडे पळतीये, तीही चाकं वर करून, यावर पोरं अशी भांडतात की विचारू नका. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी प्रतिमा भिंतीवर पडते ती ह्याच तत्त्वावर, सहलीला जाणार असाल तर आधी हा प्रयोग नक्की करा.

किटबरोबरच्या कागदावर मापं काहीच नाहीत, हे खरंच खटकलं. १० मीटर उंच झाड २० मीटरवर आणि भोकापासून पडदा १२ सेमीवर असेल तर चित्र ६ सेमीचं येतं, एवढं गणित मुलं आरामात करतात, ते द्यायला काय हरकत होती? आणि भोकातून सूर्याकडे बघायचं नाही ही सूचना तर मोठ्या अक्षरात हवी. सूर्याकडे पाठ करून भोकातून येणारा उजेड कागदावर पाडायचा, १ मीटर अंतरावर जवळपास ९ मिमीचा सूर्य दिसतो.

प्रत्येक मुलासाठी एक किट घेऊ नका, परवडत नाही आणि गरजही नाही. एकच मागवा, त्याची मापं घ्या आणि बाकीचे कॅमेरे बुटांच्या खोक्यांचे करा, आतून काळा कागद लावून. पावसाळ्यात बटर पेपर सैल पडतो, तेव्हा दोन-चार जादा कापून ठेवा.