संघटनशास्त्राच्या सहायक प्राध्यापकपदाची भरती : एका उमेदवाराचा अभिप्राय

छत्रपती संभाजीनगर येथील एका खासगी व्यवस्थापन संस्थेने संघटनशास्त्रासाठी, म्हणजे ‘ऑर्गनायझेशन स्टडीज’साठी, सहायक प्राध्यापकाची जागा टेन्युअर-ट्रॅक पद्धतीने, म्हणजे काही वर्षांच्या मूल्यमापनानंतर कायम करण्याच्या अमेरिकी धर्तीच्या पद्धतीने, भरली. त्या भरतीत मी शेवटच्या फेरीपर्यंत होते. माझी निवड झाली नाही, तरीही मराठवाड्यात मी अनुभवलेल्या भरतींपैकी ही सर्वांत गांभीर्याने केलेली भरती होती, असे माझे मत आहे. तिच्यातील एक उणीव मात्र मोठी आहे आणि अर्ज करणाऱ्याने ती आधी जाणून घेतली पाहिजे.

फरक जाहिरातीपासूनच जाणवला. आपल्याकडे अशा जागा बहुधा ‘एमबीए, एचआर’ एवढ्याच उल्लेखाने निघतात आणि रुजू झालेल्या व्यक्तीकडे जे तास रिकामे असतील ते सोपवले जातात. येथे संशोधनाचे क्षेत्र स्पष्ट लिहिलेले होते आणि अर्जासोबत संशोधनाची दिशा सांगणारे टिपण, एक पूर्ण लेख व तीन शिफारसपत्रे मागवली होती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांतील विद्यापीठांसाठीच्या गुणतक्त्यात पीएच.डी.ला ३० गुण, तर प्रत्येक संशोधनलेखाला सरसकट २ याप्रमाणे कमाल १० गुण आहेत. हा तक्ता मुलाखतीपूर्वीच्या छाननीपुरताच आहे, पण अनेक ठिकाणी छाननीनंतरही लेख कोणी उघडून पाहत नाही. या संस्थेत तो वाचला गेला होता, हे सकाळच्या संशोधन-सादरीकरणातच कळले.

माझा विषय होता बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या. कारखाना मुकादमाशी व्यवहार करतो, मुकादम मजुरांना हंगामापूर्वी उचल देतो, नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून धरली जाते आणि हंगामभर कारखान्यासाठी राबणारी ही माणसे कारखान्याच्या हजेरीपटावर मात्र नसतात. बाजारात सगळे काम विकत मिळत असताना उद्योगसंस्था मुळात उभीच का राहते, हा प्रश्न अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली मांडला होता. मी तो उलट्या बाजूने विचारला होता : दरवर्षी तेच काम, तितकीच माणसे लागत असूनही कारखाना त्यांना आपल्या संस्थेत का घेत नाही? सादरीकरण जेमतेम सुरू झाले होते, तोच एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी थांबवले. “मॅडम, मुकादम नेमका कोणाचा माणूस, कारखान्याचा की टोळीचा? आणि उचल फिटली नाही, तर बुडालेली रक्कम शेवटी कोणाच्या अंगावर पडते?” पुढची बराच वेळ चाललेली चर्चा याच प्रश्नावर झाली. माझ्या लेखाच्या तळटीपेत दिलेले एका करारातील कलम त्यांनी वाचून दाखवले आणि ते माझ्या निष्कर्षाच्या विरोधात कसे जाते, हे शांतपणे समजावले. उमेदवाराला अडवण्यासाठी विचारलेले प्रश्न आणि विषय पुढे नेण्यासाठी विचारलेले प्रश्न यांतला फरक समोर उभ्या असलेल्या माणसाला लगेच कळतो.

दुपारचा प्रात्यक्षिक तास प्रत्यक्ष वर्गावर झाला आणि निवड समितीने विद्यार्थ्यांचे मत लेखी घेतले. कामगारांचे काम कशामुळे वाढते हे तपासणाऱ्या हॉथॉर्न प्रयोगांची माहिती देत असताना शहराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात नोकरी करून शिकणाऱ्या एका मुलाने विचारले की, कोणी लक्ष देत आहे या जाणिवेने काम वाढत असेल, तर आमच्या लाइनवर कॅमेरे लावल्यावर ते का वाढले नाही? असा विद्यार्थी मिळणे हे या गावात संघटनशास्त्र शिकवण्याचे खरे सुख आहे.

राहण्याची सोय चांगली होती आणि प्रवासखर्च विनासायास मिळाला. कोणत्याही टप्प्यावर देणगीचा विषय निघाला नाही. वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या नेट-सेटधारकांसाठी हे वाक्य मी मुद्दाम लिहीत आहे.

आता उणिवेविषयी. सहा वर्षांचा मूल्यमापनकाळ, तिसऱ्या वर्षी आढावा आणि शेवटी बाहेरच्या तज्ज्ञांचे अभिप्राय, एवढेच आम्हाला सांगण्यात आले. कायम होण्यासाठी किती लेख हवेत, कोणत्या दर्जाच्या नियतकालिकांत हवेत, त्यासाठी अध्यापनाचा भार किती कमी होईल, यांपैकी काहीही लेखी नव्हते. मुलाखतीत विचारले असता “चांगले काम करणाऱ्याने काळजी करू नये” असे उत्तर मिळाले. यूजीसीच्या विनियमांत परिवीक्षाकाळ (प्रोबेशन) एक वर्षाचा आणि फार तर आणखी एक वर्ष वाढवता येईल असा आहे. सहा वर्षे अनिश्चिततेत काढायला लावणाऱ्या संस्थेची जबाबदारी त्यामुळे अधिक ठरते. यूजीसीने मान्य संशोधन-नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून दर्जाचे निकष संस्थांनीच ठरवायचे आहेत, मग ते कागदावर न आणण्याचे कारण उरत नाही. अमेरिकेत कायम न झालेला प्राध्यापक दुसऱ्या विद्यापीठात प्रयत्न करू शकतो. मराठवाड्यात या विषयाच्या जागाच इतक्या थोड्या आहेत की सहाव्या वर्षी नकार मिळालेल्या माणसाला घरदार हलवून पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागेल.

नकाराचे पत्र कारणासह आले. संख्यात्मक संशोधनपद्धती शिकवण्याचा माझा अनुभव अपुरा असल्याचे त्यात नमूद होते आणि ते खरे आहे. ही जागा पुन्हा निघाली, तर मी अर्ज करीन. मात्र सादरीकरणाची तारीख स्वीकारण्यापूर्वी कायम होण्याचे निकष ईमेलवर मागून घेईन, आणि इतर उमेदवारांनीही तसेच करावे.