शिवाजी पेठेतलं बिनपाटीचं सायकल दुकान

दुकानाला पाटी नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कुणालाही ‘सायकलवाले काका कुठं बसतात’ म्हणून विचारा, हात धरून नेतील. मी पहिल्यांदा गेले ती जून 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत.

त्या एप्रिल-मेमध्ये आमच्या गल्लीतली तीन माणसं गेली. कुणाचं तोंड बघता आलं नाही, घरच्यांजवळ जाऊन बसता आलं नाही. रात्री रुग्णवाहिका गेली की मी उठून बसायची. छातीत धडधड सुरू व्हायची आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागायचा नाही. डॉक्टरांनी फोनवर गोळी दिली आणि बजावलं, सकाळचा उजेड अंगावर घ्या, रोज घाम येऊ दे. झोपेचं चक्र सकाळच्या उजेडानंच ताळ्यावर येतं म्हणाले.

तेव्हा कोल्हापूर कोरोना निर्बंधांच्या चौथ्या स्तरात होतं. चालायला, सायकलला पहाटे 5 ते 9 एवढीच मुभा, तीही सोमवार ते शुक्रवार. चाललं की माझा गुडघा धरायचा, म्हणून लेकीची सायकल माळ्यावरून काढली. सहा वर्षं पडून होती. टायर चिरलेले, साखळी गंजून ताठ.

दुकान अर्थातच बंद. पण काकांचं घर मागंच आहे, सायकल त्यांनी अंगणात घेतली. “वैनी, सायकल चांगली हाय. पडून पडून अशी झालीया. ओव्हरऑइलिंग करूया.” ओव्हरऑइलिंग म्हणजे सायकल सगळी खोलून, साफ करून, ग्रीस भरून पुन्हा जोडणं. दोन दिवस लागले. दोन्ही टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, बेअरिंगचे नवे छर्रे, ग्रीस, मागच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. सगळे मिळून 1,150 रुपये. जुने छर्रे कागदाच्या पुडीत ठेवले होते, कुठला कसा झिजलाय ते एकेक करून दाखवलं.

आणि गुडघ्याचं ऐकल्यावर त्यांनी मला अंगणातच सायकलवर बसवलं. पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हायला पाहिजे, सीट खाली असली की सगळा जोर गुडघ्यावर येतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तीनदा बसवलं, तीनदा उतरवलं, तेव्हा कुठं नट आवळला. कामाला असा जीव लावलेला मी फार कमी ठिकाणी बघितलाय.

पहिल्या दिवशी तळ्याकाठच्या रंकाळा टॉवरपासून शालिनी पॅलेसपर्यंतच गेले. पाण्यावरून वारा आला, समोर संध्यामठ दिसला, आणि सायकल कठड्याला लावून मी खूप रडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग रोज चाळीस मिनिटं, आठवड्याला 200 झाली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना 150 ते 300 मिनिटं सांगते, त्यात बसले. तिसऱ्या आठवड्यात एकदा सलग पाच तास झोप लागली. गोळी डॉक्टरांनीच पुढं हळूहळू कमी करत सप्टेंबरात थांबवली.

गिअरच्या सायकलींचे सुटे भाग काकांकडं नसतात, मागवायला आठवडा जातो. फोनही उचलत नाहीत, समक्षच जावं लागतं.

पावसाच्या तोंडावर गर्दी असते, ओव्हरऑइलिंगला टाकायची तर मेच्या मध्याला टाका. आणि सायकल ज्याची, त्यालाच बरोबर न्या. सीट त्याच्या पायाच्या मापानं लावून मिळते.