गर्दीच्या ट्रेनला लहान मुलं घेऊन रोज जायचंय : बाबागाडी, घडीची गाडी की बाळ अंगावर?

बाबागाडी घेताना आपण चाकं बघतो, गादी बघतो, उन्हाची टोपी किती खाली येते ते बघतो. मुलाला ऑफिसजवळच्या पाळणाघरात सोडायला रोज गर्दीच्या वेळी ट्रेनने जायचं असेल, तर यातलं फारसं काही उपयोगाला येत नाही. तिथे दोनच गोष्टींनी फरक पडतो : दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत तुमचे किती हात मोकळे आहेत, आणि त्या वेळात प्रत्येक मूल दाराच्या कुठल्या बाजूला आहे. आत शिरल्यावर उकाडा, रडारड, शेजारच्यांचे कटाक्ष हे सगळं असतंच, पण ते निभावून नेता येतं. दारात झालेली गडबड निस्तरता येत नाही. म्हणून खालचे सगळे पर्याय मी आधी दारात उभे करून बघितले आहेत.

उघडी गाडी

म्हणजे न मिटता तशीच डब्यात नेलेली बाबागाडी. हिचं सुख खरं आहे. बाळ पट्ट्यात बांधलेलं, बऱ्याचदा झोपलेलं, सामान खालच्या जाळीत आणि तुमची पाठ शाबूत. वर्षाचं मूल साधारण नऊ-दहा किलोचं असतं, दोन वर्षांचं बारा किलोच्या आसपास. हे वजन रोज दोन वेळा चाकांवर टाकता आलं तर कोणाला नको आहे?

गर्दीत मात्र हीच सोय गैरसोय होते. गाडीत बसलेल्या मुलाचं डोकं उभ्या माणसाच्या मांडी-कमरेशी येतं, म्हणजे नेमकं जिथे लोकांच्या पिशव्या लोंबत असतात तिथे. मागून चढणाऱ्याला गाडी दिसत नाही. त्याला खांद्यांच्या रांगेत एक मोकळी फट दिसते आणि तो तिच्यात घुसतो. त्याचा दोष नाही, त्याच्या नजरेच्या उंचीवर तिथे खरोखरच कोणी नसतं.

चढायचं कसं, हाही प्रश्न आहे. पुढची चाकं छोटी आणि फिरती असतात, ती फलाट आणि डब्यामधल्या फटीत अडकतात. म्हणून चढताना दांडा खाली दाबून पुढची चाकं उचलायची आणि सरळ आत घालायची. उतरताना उलटं : आधी तुम्ही, मग मागची मोठी चाकं, मग बाळ. आता बघा, चढताना बाळ आधी आत जातं आणि तुम्ही बाहेर असता. उतरताना तुम्ही बाहेर आणि बाळ आत. दोन्ही वेळा मधे दार. त्यामुळे उघड्या गाडीचा माझा एकच कडक नियम आहे : दार आत्ताच उघडलं असेल तरच चढायचं. बंद होण्याची सूचना वाजायला लागली, की ती ट्रेन आपली नाही.

फलाटावर ब्रेक लावणं ही औपचारिकता वाटते, पण नाही. ब्रिटनमध्ये २०१३ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये, थोड्याच दिवसांच्या अंतराने, साउथएंड सेंट्रल स्टेशनात एक व्हीलचेअर आणि व्हाइटलीफ स्टेशनात एक बाबागाडी घरंगळत रुळांवर गेली. दोन्ही फलाटांचा उतार रुळांच्या दिशेने होता. असा उतार डोळ्यांना जाणवत नाही, चाकांना बरोबर जाणवतो. तेव्हा ट्रेनची वाट पाहताना गाडी रुळांना समांतर उभी करायची, ब्रेक लावायचा आणि तरी एक हात दांड्यावर ठेवायचा. दांड्याला जड पिशवी अडकवायची नाही. मूल उचललं की गाडी पिशवीच्या वजनाने मागे उलटते, आणि गर्दीत मूल कधी उचलावं लागेल याचा नेम नसतो.

रुंदीचं म्हणाल, तर युरोपीय संघाच्या नियमांत नव्या प्रवासी डब्यांच्या बाहेरच्या दाराची मोकळी रुंदी किमान ८० सेंटिमीटर ठेवली आहे. एकेरी गाडी त्यातून सहज जाते. जुळ्यांची, दोन आसनं शेजारी-शेजारी असलेली गाडी पाऊण मीटरच्या आसपास असते. कागदावर तीही जाते. पण कागदावर दारात माणसं उभी नसतात.

नियमांबद्दल एकदा चौकशी करून ठेवा, कारण ते जागोजागी वेगळे आहेत. जपानमध्ये २०१४ मध्ये सरकारने स्पष्ट केलं की ट्रेनमध्ये बाबागाडी मिटण्याची सक्ती नाही, आणि त्यासाठी एक चिन्हही ठरवलं. दुसरीकडे गर्दीच्या वेळी गाडी मिटूनच आणा असं सांगणाऱ्या सेवाही आहेत. व्हीलचेअरसाठी राखलेली जागा मात्र व्हीलचेअरचीच. ती रिकामी असेल तर वापरा, व्हीलचेअर आली की हला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हाच वाद एका बसच्या निमित्ताने आला होता. बाबागाडीवाल्याने विनाकारण जागा अडवून धरली, तर चालकाने नुसती एक विनंती करून थांबू नये, असं न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये म्हटलं. माझ्या मते हे कोर्टापर्यंत जायलाच नको होतं. आपण गाडी मिटू शकतो, ते खुर्ची मिटू शकत नाहीत.

आणखी एक, सरकता जिना. युरोपीय मानकानुसार त्याच्या तोंडाशी बाबागाडीला मनाईचं चिन्ह लावावं लागतं, ते उगीच नाही. म्हणजे उघडी गाडी निवडलीत की तुम्ही लिफ्टवर अवलंबून. लिफ्ट बंद असेल तर मूल, गाडी आणि सामान मिळून वीस किलोच्या वर ओझं जिन्यावरून न्यायचं. रस्त्यातल्या प्रत्येक स्टेशनाच्या लिफ्टची खात्री नसेल, तर हा पर्याय इथेच बाद करा.

घडीची गाडी

मिटणाऱ्या हलक्या गाडीचं श्रेय ओवेन मॅक्लारेन यांना जातं. हा विमानांचा अभियंता. त्यांनी १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. ती जेमतेम पावणेतीन किलोची होती. आजही हे घराणं टिकून आहे : मिटली की लांब आणि बारीक, खांबाला टेकवून पायांमध्ये उभी राहते. दुसरा प्रकार चौकोनी घडीचा. यातल्या बऱ्याच गाड्या विमानाच्या केबिनमध्ये मावतील, म्हणजे साधारण ५६ × ४५ × २५ सेंटिमीटरच्या आत बसतील, अशा बेताने केलेल्या असतात. वजन सहा किलोच्या आसपास, खांद्याला अडकवायला पट्टा. सामान ठेवायची फळी असलेल्या ट्रेनमध्ये चौकोनी घडी बरी. उभ्याने जायचं असेल तर छत्रीची घडी बरी, तिला जमिनीवर जागा कमी लागते.

जाहिरातीत ही गाडी एका हाताने मिटते. मिटतेही. पण त्या वेळी मूल कुठे असतं, ते जाहिरात दाखवत नाही. क्रम असा : मूल बाहेर काढा, जाळीतलं सामान उपसा, टोपी मागे घ्या, मग मिटा, मग पट्टा खांद्याला. हे सगळं करताना चालायला नुकतं शिकलेलं मूल फलाटावर मोकळं असतं. तुम्ही एकटे किंवा एकट्या असाल, तर घडीची गाडी हा स्वतंत्र पर्यायच नाही. बाळाला आधी दुसरीकडे जागा हवी, आणि ती जागा म्हणजे तुमचं अंग. दुकानात कोणी हे सांगत नाही : घडीची गाडी आणि बाळ बांधायचं कॅरियर ही जोडी आहे, त्यातली निवड नाही. दोघं मिळून जात असाल तर गोष्ट वेगळी. एकाने मूल घ्यायचं, दुसऱ्याने गाडी. मग उत्तम.

मिटायचं असेल तर स्टेशनात शिरण्यापूर्वी किंवा फलाटाच्या मागच्या भिंतीशी मिटायचं. ट्रेन दिसल्यावर नाही.

बाळ अंगावर

दारातल्या हिशेबात हा पर्याय सरळ जिंकतो. तुम्ही आणि बाळ मिळून एकच प्रवासी, दार मधे येऊ शकत नाही. दोन्ही हात मोकळे, एक खांबाला आणि एक दुसऱ्या मुलाला. जिना, सरकता जिना, फट, उतार, सगळे प्रश्न निकालात. शिवाय बाळाचं तोंड लोकांच्या नजरेच्या उंचीवर येतं, त्यामुळे माणसं आपोआप सावरून उभी राहतात. जागाही लवकर मिळते.

किंमत पाठीला मोजावी लागते. पाच किलोच्या बाळाला बांधून तासभर उभं राहणं जमतं. बारा किलोचं मूल बांधून, ऑफिसची सॅक सांभाळत तासभर उभं राहणं मी कोणाला सुचवणार नाही. कमरेला रुंद पट्टा असलेलं कॅरियर वजन खांद्यांवरून कमरेवर उतरवतं. नुसत्या कापडी झोळीत ते एका खांद्यावर राहतं. रोजच्या प्रवासाला पट्टेवालंच घ्या.

तान्ह्या बाळाची काळजी वेगळी. चार महिन्यांच्या आतल्या बाळांना मान सावरता येत नाही. हनुवटी छातीला टेकली की श्वास अडू शकतो, नाक-तोंड कापडात किंवा आपल्या कपड्यांत दबलं तरीही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१० मध्ये झोळीसारख्या कॅरियरबाबत याच कारणाने इशारा दिला होता. बाळ इतकं वर बांधलेलं हवं, की मान खाली घातली तर त्याच्या कपाळाची पापी घेता यावी. चेहरा सतत दिसायला हवा. गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर, मांड्यांना आधार. वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

गर्दीत बाळ पुढेच बांधायचं, आणि तोंड आपल्याकडे. पाठीवर बांधलं तर मागून बसणारा प्रत्येक धक्का आधी त्याला लागतो आणि आपल्याला कळत नाही. शिवाय मागच्याचा चष्मा ओढला जातो, ते वेगळंच. उकाड्याचंही लक्षात ठेवा. दोन अंगांची ऊब एकत्र होते, म्हणून बाळाला एक कपडा कमी घाला आणि मानेला हात लावून बघत राहा.

दुसरं मूल चालतं असेल तर

इथे बहुतेकांचं गणित फसतं, कारण सगळा विचार बाळाभोवती फिरतो आणि खरा धोका अडीच-तीन वर्षांच्या मुलाला असतो. ते चालतं, पण थांबत नाही. गाडीच्या मागे जोडायची उभं राहायची फळी रस्त्यावर मजेची आहे, गर्दीच्या डब्यात तिच्यावरचं मूल सगळ्यात आधी चेंगरतं. पाठीवरच्या छोट्या सॅकला दोरी असलेला पट्टा काहींना आवडत नाही. मला फलाटावर तो पटतो. दारात मात्र दोरी आखूड धरा, तुमच्यात आणि मुलात दुसरं कोणी शिरता कामा नये.

मनगटाला धरून ओढायचं नाही, हे नीट लक्षात ठेवा. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांचा हात सरळ असताना झटका बसला, तर कोपरातलं हाड जागचं सरकू शकतं. फार वेळा घडणारी दुखापत आहे ही, आणि ‘चल लवकर, दार बंद होतंय’ हा तिला अगदी सोयीचा प्रसंग. चढवताना काखेखाली हात घालून उचला. बाळ अंगावर असेल तर एक हात त्यासाठी मोकळा असतो. बाबागाडी असेल तर नसतो. दोन मुलं आणि एक मोठं माणूस असताना गर्दीत उघडी गाडी का नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

जुळी, दोन्ही दोन वर्षांच्या आतली आणि तुम्ही एकटे? एक अंगावर आणि एक एकेरी गाडीत, तेही गर्दी टाळून. दुहेरी गाडी घेऊन गर्दीची ट्रेन नको.

गाडीपेक्षा वेळ बदलता येईल का?

अर्धा-पाऊण तास मागेपुढे झालं तर वरची निम्मी चर्चा गरजेची राहत नाही. कामावर वेळ बदलून मागणं अवघड वाटतं, पण नवी महागडी गाडी घेण्याआधी एकदा विचारून बघावं. ट्रेन जिथून सुटते तिथून चढता येत असेल तर थोडं उलटं जाऊनही बसायला मिळतं. जलद गाडीपेक्षा प्रत्येक स्टेशनला थांबणारी गाडी दहा-पंधरा मिनिटं जास्त घेईल, पण सहसा मोकळी असते. लोक जिन्याजवळच्या डब्यांपाशी गोळा होतात, फलाटावर लांबवर चालत गेलं तर मोकळा डबा मिळू शकतो. लिफ्टवर अवलंबून असाल तर मात्र उतरायच्या स्टेशनात ती कुठे आहे ते बघून डबा निवडा.

संध्याकाळचा हिशेब सकाळपेक्षा वेगळा धरा. सकाळी मूल ताजं असतं, परतताना भुकेलं आणि पेंगुळलेलं. सकाळी चालत जाणारं मूल संध्याकाळी कडेवर येणार, हे धरूनच सामान ठरवा.

मी काय निवडेन

चालायला न लागलेलं एकच बाळ : पट्टेवालं कॅरियर, आणि गाडी दोन्ही टोकांना. एक जुनी साधी गाडी पाळणाघरात ठेवू देतात का ते विचारा, बरीच पाळणाघरं ठेवू देतात. ट्रेनमध्ये फक्त बाळ आणि एक सॅक. दीड-दोन वर्षांचं एकच जड मूल, आणि सोबत दुसरं मोठं माणूस : छत्रीच्या घडीची गाडी. एकटे असाल तर तीच गाडी आणि गर्दी टाळलेली वेळ. बाळ आणि चालतं मूल : बाळ अंगावर, मोठ्याचा हात हातात, चाकं घरी.

पण हे सगळं पाळणाघर ऑफिसजवळ आहे असं धरून. ते घराजवळ असतं, तर मुलांना ट्रेनमध्ये न्यायची वेळच येत नाही. ऑफिसजवळच्या पाळणाघराची बाजूही लंगडी नाही : अंगावर पाजणाऱ्या आईला दुपारी जाता येतं, मुलाला ताप आला तर पाच मिनिटांत पोचता येतं. घराजवळच्या पाळणाघरातून तसा फोन आला, तर अख्खा प्रवास करून परतायचं. तेव्हा बाळ अंगावर पीत असेपर्यंत मी ऑफिसजवळचं घेईन, दूध तुटलं आणि मूल चालायला लागलं की घराजवळचं. नाव मात्र दोन्हीकडे आधीच नोंदवून ठेवा, घराजवळच्या जागा बहुधा आधी भरतात.