जाहिरातीतला तो चेहरा माझा आहे

गेल्या आठवड्यात शाळेतल्या एका शिक्षिकेने मधल्या सुट्टीत मोबाईल पुढे केला आणि हळूच विचारलं, "हे तुम्ही आहात का हो?" 'रोझेशिया कायमचा बरा, फक्त 5 दिवसांत फरक' अशी जाहिरात होती. रोझेशिया म्हणजे चेहरा लाल होऊन पुळ्या येण्याचा त्वचेचा आजार. आधीचा चेहरा लालबुंद, नंतरचा स्वच्छ. डोळ्यांवर काळी पट्टी मारली होती, पण हनुवटीवरचा तीळ आणि गळ्यातलं मंगळसूत्र माझंच. मी नाही म्हणाले. घरी आल्यावर रडले आणि मग लिहायला बसले. कुणीतरी तो फोटो बघून पैसे भरेल, आणि ते माझ्यामुळे होईल, हे मला सहन होत नाही.

मी सोलापूरला राहते, शिक्षिका आहे, वय 43. रोझेशिया ओळखला जाईपर्यंत 4 वर्षं मी मुरुमांची औषधं लावत होते. आपल्यासारख्या गव्हाळ वर्णावर लाली चटकन दिसत नाही, त्यामुळे डॉक्टरांच्याही लवकर लक्षात येत नाही. नाव कळलं तेव्हा हेही कळलं की हा पूर्ण बरा होत नाही, ताब्यात ठेवता येतो. ऊन, गरम चहा, तिखट, ताण, सगळ्याने भडकतो. सोलापुरात राहून उन्हापासून लांब राहायचं आणि शेंगाचटणीला हात लावायचा नाही! तेही केलं. चहा कोमट करून पिते, वर्गात खिडकीपासून लांब उभी राहते, बाराही महिने सनस्क्रीन लावते. तरी लोक विचारतातच. पालकसभेत एका बाईंनी विचारलं, "मॅडम, बीपी आहे का?" एका नातेवाईकाने तर माझ्या नाकाकडे बघून दारूवरून काय म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. हे यासाठी सांगते की 'एवढी शिकलेली बाई फसली कशी' असं विचारण्याआधी कुणीतरी माझा चेहरा घेऊन आठवडाभर बाजारात फिरून यावं.

2025 च्या 23 फेब्रुवारीला भाचीचा साखरपुडा होता. जानेवारीत चेहरा भडकला होता. त्याच सुमारास अशीच एक जाहिरात दिसली. नंबर भरला, तासाभरात फोन आला. माणूस अस्सल मराठीत बोलत होता, 'ताई' म्हणत होता, स्वतःला वैद्य म्हणवत होता. वीस मिनिटं त्याने ऐकून घेतलं. इतकं कुणीच ऐकलं नव्हतं. मग म्हणाला, "ताई, हे पित्त रक्तात उतरलंय. डॉक्टर वरवरचं बघतात, आपण मुळापासून काढू." 4,850 रुपये आधी भरायचे. यूपीआयवर ना वैद्याचं नाव आलं ना औषधालयाचं, कुठल्यातरी भलत्याच माणसाचं आलं. विचारलं, तर "अकाउंटंटचं आहे, ताई." मी पैसे पाठवले.

14 फेब्रुवारीला पार्सल आलं. पांढरी डबी, वर हिरवं पान छापलेलं, आत फिकट पिवळं मलम. परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, घटक नाहीत, कारखान्याचा पत्ता नाही. आयुर्वेदिक औषधालाही परवाना लागतो आणि हे सगळं छापावंच लागतं. मी मुलांना पाकिटावरची माहिती वाचायला शिकवते, पण ही डबी मात्र वाचली नाही.

पण खरं चुकलं ते इथे नाही. पाचव्या दिवशी, 18 तारखेला सकाळी, मी तोंड धुऊन आरशात बघितलं आणि बघतच राहिले. गाल शांत. आग नाही, पुळ्या बसलेल्या, नाकाची लाली जवळजवळ गेलेली. आमच्या ह्यांना हाक मारली, तेही म्हणाले, "अरे वा!" मला तेव्हा आनंद झाला, तिथे भीती वाटायला हवी होती. मला माहीत होतं! डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल जेल दिलं तेव्हा सांगितलं होतं की फरक कळायला 8 ते 12 आठवडे लागतात. माझा तसा अनुभवही होता. दुसऱ्या एका बाईंना मीच धीर दिला होता, "दोन महिने तरी थांबा हो." रोझेशिया पाच दिवसांत कुठल्याही जडीबुटीने विझत नाही. इतक्या झटपट विझवतं ते स्टिरॉइड, म्हणजे दाह तात्पुरता दाबून टाकणारं औषध. हे दोन तुकडे माझ्या डोक्यात होते आणि मी ते जोडले नाहीत, कारण मला ते जोडायचेच नव्हते. पाच दिवसांवर साखरपुडा होता आणि कित्येक वर्षांनी मला फोटोत पुढे उभं राहायचं होतं. त्याच सकाळी 'वैद्यांनी' फोटो मागितला, "प्रगती बघायला." मी पाठवला. तोच आज जाहिरातीत आहे.

फोटो पाठवू नका. कुणालाच नाही. तुमचे डॉक्टर समोर बसून बघतील.

मार्चअखेरीस दुसरा संच, 7,200 रुपये. तो 3 मेपर्यंत पुरला. तिसरा मागितला तर म्हणाला, आधी रक्तशुद्धीचा काढा घ्या, 3,600, मलम मागाहून येईल. काढा आला, मलम आलं नाही. 7 मेला पहाटे मी जळजळीने उठले. चेहरा सुजला होता, कातडी कागदासारखी ताणलेली, गालभर पू भरलेल्या पुळ्या, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. जन्मात इतका भडकला नव्हता. फोन केला तर तो माणूस म्हणतो, "उत्तम लक्षण आहे, ताई. विष बाहेर पडतंय." हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं तर त्या क्षणी फोन ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, उद्यावर ढकलू नका.

डॉक्टरांनी चेहरा पाहून पहिला प्रश्न केला, "कुठलं मलम लावत होता?" डबी दाखवली. तपासल्याशिवाय आत काय ते शपथेवर सांगता येणार नाही म्हणाले, पण पातळ झालेली त्वचा, गालांवर उगवलेली लव आणि मलम बंद होताच उसळलेला दाह, हे सगळं तीव्र स्टिरॉइडचंच चित्र आहे. तसलं मलम मेडिकलमध्ये शंभराच्या आत मिळतं. 2018 पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी दुकानदार नुसतं नाव सांगितलं की काढून देतात. माझ्या डॉक्टरांकडे अशा बायका दर आठवड्याला येतात. तपासणी, डॉक्सिसायक्लिन, टॅक्रोलिमस, साधं मॉइश्चरायझर, यात ऑगस्टपर्यंत 8,470 रुपये गेले. चेहरा मलमाआधी होता तितपत यायलाही नोव्हेंबर उजाडला.

पुढचं लिहायला सगळ्यात जड जातं. जूनमध्ये मी पैसे परत मागितले. दोन दिवसांनी वेगळ्या नंबरवरून 'तक्रार विभागाचा' फोन आला. आवाज बाईचा होता, बोलणं अगदी नम्र. 15,650 रुपये मंजूर झालेत, फक्त जीएसटीचे 2,999 आधी भरा. भरले. मग फाईल चार्ज 1,499. तेही भरले. तोवर मी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं, आणि ते पैसे परत आले असते तर कधी सांगावंच लागलं नसतं. एकूण 20,148 रुपये. परतावा देण्यासाठी कुणीही आधी पैसे मागत नाही.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. मग एक साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच पाठवले ना? मग फसवणूक कशी?" दुसऱ्याने क्रीमचं नाव विचारलं आणि शेजारच्याकडे बघून हसला. वर्गात चाळीस पोरांसमोर उभी राहणारी बाई मी, तिथे माझा आवाज फुटेना. औषधांच्या कार्यालयात गेले, त्यांनी उत्पादकाचा पत्ता मागितला. अहो, डबीवर पत्ता नाही हीच तर तक्रार आहे! पत्ता नाही म्हणून अर्ज अपुरा. डबी तपासायला घ्या म्हटलं, तर उघडलेला नमुना चालत नाही. मग बिल मागितलं. बिल देणारा असता तर मी तुमच्या दारात कशाला आले असते? औषधवाले पोलिसांकडे पाठवतात, मलमामुळे पोलीस औषधवाल्यांकडे, आणि बँक म्हणते व्यवहार तुमच्याच पिनने झाला, आम्ही काय करणार. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता होता. मावसभाऊ त्या गावात राहतो, तो जाऊन आला. मोबाईल दुरुस्तीचा बंद गाळा. त्या गाळ्याचा फोटोही मी दोन्हीकडे दिला. आत्तापर्यंत सात खेपा झाल्या, चार वेळा अर्धी रजा टाकली. हातात एक पोच आहे, त्यावर शिक्का आहे, पुढे काही नाही.

1930 या सायबर हेल्पलाईनवर मी फोन केला तेव्हा पहिल्या हप्त्याला चार महिने उलटले होते. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. लाजेत घालवलेल्या प्रत्येक दिवसाचा फायदा त्यांना होतो. ग्राहक हेल्पलाईन 1915. कॉल, पावत्या, गप्पा, काहीही पुसू नका. मी रागाच्या भरात निम्मे मेसेज पुसले, आणि तेच प्रत्येक टेबलावर मागितले गेले. डबी फेकू नका. आणि मलम बरेच दिवस लावून झालं असेल तर डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नका, माझ्यासारखं उसळू शकतं. आधी डबी घेऊन त्यांच्याकडे जा. ते रागावणार नाहीत. माझे रागावले नव्हते.

जाहिरात काढून टाकावी म्हणून मी तीनदा कळवलं. काल रात्री अकरा वाजता पाहिलं, चालूच होती. त्यात माझा पाचव्या दिवसाचा फोटो आहे. त्र्याऐंशीव्या दिवसाचा माझ्या मोबाईलमध्ये आहे, ह्यांनी 7 मेच्या सकाळी काढलेला. पैसे भरायच्या विचारात असलेल्या कुणाही बाईला तो बघायचा असेल तर मी दाखवीन, डोळ्यांवर पट्टी न लावता.